ब्लॅक क्लाउड, द
ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल (१९१५–२००१) ह्याची पहिली विज्ञानकादंबरी (१९५७). स्थिर-स्थिती विश्वाच्या उपपत्तीचा एक प्रवर्तक म्हणून केंब्रिजच्या हॉईलचे नाव तोवर सर्वत्र झाले होते. एच्. जी. वेल्सच्या द टाइम मशीन (१८९५) ह्या पहिल्या कादंबरीत यंत्र हे बव्हंशी समाजचिंतनाचे निमित्त आहे. येथे शास्त्रीय अनुमानाची प्रक्रिया हेच कथानक होय.

कथेचा आरंभ १९६४ मध्ये होतो. पॅलोमारच्या दुर्बिणीतून वेगवेगळ्या वेळी घेतलेली छायाचित्रे ताडून पाहताना आकाशाच्या एका वर्तुळाकार भागातील तारे दिसेनासे झाल्याचे आढळते. तिकडे इंग्लंडमध्ये ग्रहांची स्थाने गणिताशी जुळेनाशी होतात आणि त्यांवरून केंब्रिजचा प्राध्यापक किंग्झ्‌ली सूर्यमालेकडे येणाऱ्या अज्ञात वस्तूचे वस्तुमान काढतो. दोन्ही शोध एकाच कृष्णमेघाचे निघतात. मेघ येऊन सूर्याला वेढतो. अंधार व हिमप्रकोप ह्यांत कोट्यवधी माणसे मरतात. रेडिओ संदेश पाठविताच वातावरणातील आयनीभवन बदलते, हे हेरून किंग्झ्‌ली अन्य शक्यता एकेक करून बाद करतो आणि मेघ सजीव व बुद्धिमान असल्याचा निष्कर्ष काढतो. हे प्रकरण कादंबरीतील सर्वोत्कृष्ट होय. भाकीत करणे व ते पडताळणे ह्यांतील उत्कंठा इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कथाबद्ध झाली असेल. चालू संहितेत गणित मांडण्याचा संकोचही लेखकाला वाटत नाही.

आपल्या जातीचा कोणी आद्य जीव होता, हे मेघाला मान्य नाही; महास्फोटवाद्यांना हॉईलने काढलेला हा खोडकर चिमटा आहे.

मानवी बाजू मात्र दुबळी आहे. राजकारणी बहुधा मूर्ख, स्त्रीपात्रे नाममात्र आणि किंग्झ्‌लीचा उद्दामपणा लेखकाला गुण वाटतो. मृत्यूंचा हिशेब अहवालासारखा उरकलेला आहे. मेघाचे ज्ञान थेट मेंदूत उतरवून घेताना किंग्झ्‌लीचा अंत होतो, तेथे प्रथमच ह्या बुद्धिनिष्ठेला आपली सीमा भेटते.

ह्या कादंबरीच्या प्रकाशनवर्षीच जयंत नारळीकर (१९३८–२०२५) केंब्रिजला गेले व पुढे हॉईलचे शिष्य झाले. १९७२ मध्ये ते भारतात परतले. त्यांची पहिली मराठी विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ हिला मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. ती त्यांनी नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने पाठविली होती. विज्ञान हा कथेचा अलंकार नव्हे, तिचा कणा असला पाहिजे, हा गुरूचा आग्रह त्यांच्या कथांतही दिसतो. संघर्षाची जागा मात्र त्यांनी बदलली. ‘धूमकेतू’ ह्या कथेतही आकाशातून संकट येते आणि शास्त्रज्ञ गुप्तपणे उपाय योजतात. पण किंग्झ्‌लीचा विरोधक मंत्रालयात बसतो, तर धूमकेतू शोधणाऱ्या दत्तदांचा विरोध त्यांच्याच घरातील शांतियज्ञाशी आहे. संकट टळल्यावर घरच्यांच्या लेखी श्रेय यज्ञाकडे जाते. व्यक्तिचित्रणाचा तोकडेपणा नारळीकरांकडेही आहे; तथापि स्वतःच्या माणसांत एकाकी पडलेल्या दत्तदांची व्यथा किंग्झ्‌लीच्या सर्व वक्तृत्वाहून अधिक खरी वाटते.