छापाची चांदी व बिनछापाची चांदी : चंद्रपूर-गडचिरोलीतील अलंकारसंग्रहाच्या दृष्टीची चिकित्सा

इंग्लंडमधील जुन्या चांदीच्या भांड्यांचा संग्राहक एखादे भांडे हाती आले म्हणजे प्रथम ते उलटे करून पाहतो. भांड्याचा घाट, त्यावरील नक्षी, त्याची चकाकी या गोष्टी नंतरच्या होत. तळाशी ठोकलेले चार-पाच बारीक छाप हा त्या भांड्याचा जन्मलेख असतो. या छापांची परंपरा इंग्लंडात १३०० सालच्या कायद्यापासून सुरू झाली. १३६३ मध्ये कारागिराची स्वतःची खूण आवश्यक ठरली, १४७८ पासून वर्ष दर्शविणारे अक्षर आले, १५४४ मध्ये चालत्या सिंहाची आकृती आली. १७७३ मध्ये बर्मिंगहॅम व शेफील्ड येथे कस-परीक्षेची स्वतंत्र गृहे निघाली व त्यांना अनुक्रमे नांगर आणि मुकुट ही चिन्हे मिळाली. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची साक्ष म्हणून राजाचे अथवा राणीचे मस्तकही उमटविले जाई. हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी हे सर्वसाधारण प्रमाण होय. कोणी घडविले, कोठे तपासले, कोणत्या वर्षी आणि किती कसाचे, या चारही प्रश्नांची उत्तरे वस्तू स्वतःच देते. त्यामुळे तेथील संग्रहविद्या ही मुख्यतः वाचनविद्या बनली आहे.

या वाचनविद्येशेजारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसरी एक दृष्टी उभी राहिली. रस्किन व विल्यम मॉरिस यांच्या विचारांतून वाढलेल्या आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स चळवळीने दागिन्याचे मोल धातूच्या वजनात व रत्नाच्या किमतीत न मानता घडविणाऱ्या हातात मानले. सी. आर. अ‍ॅशबी याने १८८८ मध्ये लंडनच्या पूर्व भागात हस्तकारागिरांचा संघ स्थापन केला. १९०२ मध्ये तो संघ चिपिंग कॅम्डन या खेड्यात गेला आणि १९०८ मध्ये विसर्जित झाला. लिबर्टी कंपनीच्या स्वस्त मालाची स्पर्धा हे त्याच्या अपयशाचे एक कारण मानले जाते. चांदी, मीनाकाम, चंद्रकांत व पिरोजा यांसारखे अल्पमोली खडे आणि हातोडीच्या ठोक्यांचा दिसता पृष्ठभाग ही या शैलीची लक्षणे होत. आनंद कुमारस्वामी यांचा मध्ययुगीन सिंहली कलेवरील ग्रंथ १९०८ मध्ये अ‍ॅशबीच्याच एसेक्स हाउस मुद्रणालयातून बाहेर पडला, ही गोष्ट या चळवळीचे पौर्वात्य कारागिरीशी असलेले नाते सांगण्यास पुरेशी आहे.

छाप वाचणारी दृष्टी आणि हाताचा गौरव करणारी दृष्टी, या दोन्ही दृष्टींनी हिंदी अलंकारांकडे पाहण्याची सवय इंग्रजी राजवटीतील प्रदर्शने, संग्रहालये व ग्रंथ यांनी लावली. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चे, तेथील मोठे प्रदर्शन १८६५ चे आणि बर्डवुडचा हिंदी कलाकौशल्यावरील ग्रंथ १८८० चा. आजचा संग्राहक हे ग्रंथ वाचो वा न वाचो, त्याच्या मनात याच दोन कसोट्या असतात. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रदेशातील गोंड व माडिया स्त्रियांच्या चांदीला त्या लावल्या असता काय होते, याचा विचार करणे अवश्य आहे.

या प्रदेशातील सरी, कडी, वाळे, तोडे अशा चांदीच्या अलंकारांवर बहुधा कोणताही छाप नसतो. ते घडविणारा साधारणतः गोंड नसून बाजाराच्या गावी बसणारा सोनार असतो. वापरणारी एका समाजाची व घडविणारा दुसऱ्या समाजाचा, अशी ही रचना आहे. घाटावर मात्र वापरणारीच्या रुचीचा अधिकार चालतो, कारण तिला न पटणारी वस्तू विकली जात नाही. वर्षाचे अक्षर शोधणाऱ्याला येथे काहीच सापडत नाही. मग तो अशा वस्तूस ‘प्राचीन’ हे विशेषण लावून मोकळा होतो. छाप नसणे याचा अर्थ काळ नसणे असा तो नकळत करतो. पहिला दोष येथे घडतो.

वास्तविक या अलंकारांत छाप असलेली एक वस्तू आहे आणि ती योगायोगाने इंग्रजी चांदीच आहे. रुपयांना कड्या झाळून ओवलेल्या माळा मध्य भारतातील गोंडांत व इतरही समाजांत प्रचलित होत्या. १८३५ च्या नाणेविषयक कायद्याने कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा, व बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा ठरविला. हजारी प्रमाणात हा कस सुमारे ९१७ होतो. इंग्लंडच्या ९२५ पेक्षा किंचितच उणा. हा रुपया म्हणजेच एक तोळा. ‘दहा रुपयेभार चांदी’ हा मराठीतील प्रयोग त्यातूनच आला. जंगलातील बाजारात तो नाणे होता, वजन होता, कसाचे प्रमाण होता आणि सोनाराचा कच्चा मालही होता. लंडनमधील संग्राहक चहादाणीच्या तळाशी जे वाचतो ते सर्व, म्हणजे वर्ष, कस, राज्यकर्त्याचे मस्तक आणि क्वचित टांकसाळीची बारीक खूण, गोंड स्त्रीच्या गळ्यात उघड्यावर असते.

परंतु हा छाप इंग्रजी पद्धतीने वाचला तर तो फसवितो. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयांवर प्रथम १८४० हे वर्ष आले आणि ते १८६२ पर्यंत तसेच राहिले. पुढे १८६२ हे वर्ष आले, तेही बारा वर्षे बदलले नाही. १८७४ पासून नवी वर्षे दिसू लागतात. म्हणजे १८६२ चा रुपया प्रत्यक्षात १८७३ मध्येही पाडलेला असू शकतो. ‘राणी’ हा किताब जाऊन ‘सम्राज्ञी’ हा किताब १८७७ पासून येतो, तो अधिक विश्वसनीय होय. शिवाय नाण्याचे वर्ष हे माळेचे वर्ष नव्हे. माळेतील सर्वांत नवे नाणे एवढेच सांगते की माळ आजच्या रूपात त्याआधीची नाही. आईच्या माळेत मुलीने दोन रुपये वाढविले, तुटलेला दोरा तीनदा बदलला, अडचणीत मधले चार रुपये काढून खर्चिले, अशी माळ ही एका वर्षाची कृती नसून एका घराची चालू वही असते. तिला एकच सन चिकटविणे म्हणजे वहीच्या पहिल्या पानावरील तारीख सबंध हिशेबास लावणे होय.

या वहीवर दूरच्या राजधानीतील निर्णयांचीही नोंद आहे. १८९३ पर्यंत कोणीही चांदी टांकसाळीत देऊन अल्प खर्चात रुपये करून घेऊ शकत असे. भामरागडची स्त्री टांकसाळीत जात नव्हती हे खरे. तथापि सराफाच्या काट्यावर तोळाभर चांदी व एक रुपया यांत हीण, खर्च आणि बट्टा एवढेच अंतर राहत असे. लंडनच्या बाजारात चांदीचा भाव १८७३ मध्ये औंसाला सुमारे ५९ पेन्स होता, तो १८९४ मध्ये सुमारे २९ पेन्सवर आला. १८९३ च्या जूनमध्ये सरकारने टांकसाळी बंद केल्या व रुपयाचा भाव चांदीपासून तोडला. परिणामी घडविलेल्या सरीचे मोल उतरले, पण तेवढ्याच वजनाच्या रुपयाचे मोल टिकले. रुपये वितळवून सरी करणे तोट्याचे झाले. रुपया अखंड ठेवून ओवणे तोट्याचे नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस चांदी इतकी महाग झाली की उलट रुपया वितळविण्यातच लाभ दिसू लागला. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ च्या रुपयात ती मुळीच उरली नाही. रुपयांच्या माळेकडे केवळ ‘आदिवासी सौंदर्यदृष्टी’चा नमुना म्हणून पाहणाऱ्यास हा हिशेब दिसत नाही. त्या माळेत सौंदर्य आहे यात शंका नाही. परंतु त्या सौंदर्यात शहाणपणही ओवलेले आहे.

ग्रंथकारांनी या चांदीस कसा न्याय दिला हेही पाहिले पाहिजे. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडांच्या ग्रंथात अलंकारांचे विस्तृत विवेचन सोनार जातीवरील प्रकरणात येते. घडविणाऱ्याच्या बाजूने ही मांडणी सोयीची आहे; पण तिच्यामुळे अलंकार धारण करणाऱ्या समाजापासून दूर जातो. याउलट ग्रिग्सनचा बस्तरच्या माडिया गोंडांवरील ग्रंथ (१९३८) व फ्यूरर-हायमेन्डॉर्फचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ (१९४८) समाजाच्या अंगाने लिहिलेले आहेत. त्यांत वापरणारे दिसतात, मात्र घडविणारा सोनार मागे राहतो. व्हेरियर एल्विन यांनी १९५१ च्या ग्रंथात मध्य भारतातील आदिवासी कलेस कला म्हणून मान दिला, हे त्यांचे मोठे कार्य होय. परंतु ज्या वस्तू आदिवासींनी स्वतः घडविल्या त्यांना या दृष्टीत स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळते. बाजारातून विकत घेतलेली चांदी अशा वेळी उपरी ठरते. वस्तुतः घडविणारा आणि वापरणारी यांच्या व्यवहारातूनच हा अलंकार जन्मतो. एकाच टोकाकडून पाहिले की अर्धाच दागिना हाती येतो.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. कारागिराच्या अनामिकतेचा गौरव कुमारस्वामींनी केला आणि तो विचार उदात्त आहे. कृतीहून कर्ता मोठा न मानणारी परंपरा आदरास पात्रच असते. परंतु अनामिकता दोन प्रकारची असते. कारागिराने नाव न लावणे ही एक. संग्राहकाने नाव न विचारणे ही दुसरी. गावच्या बाजारात तो सोनार कधीच अनामिक नव्हता. कोणाच्या चांदीत हीण जास्त, कोणाची घडणावळ माफक, कोणाची कडी झाळावर तुटत नाही, हे गिऱ्हाइकास पक्के ठाऊक असे. तो निनावी होतो शहरातील कपाटात. लिबर्टी कंपनीनेही आपल्या चांदीवर आर्किबाल्ड नॉक्ससारख्या आरेखकाचे नाव येऊ न देता कंपनीचाच छाप ठोकला; परंतु तेथे कागदपत्रे उरली आणि नॉक्सचे नाव पुढे उजेडात आले. चंद्रपूरच्या चांदीमागे कागद नाही. येथे माणूसच दप्तर आहे, आणि ते दप्तर विक्रीच्या क्षणी वस्तूपासून कायमचे तुटते.

तिसरा दोष नामकरणाचा आहे आणि तो मराठी अभ्यासकांनी विशेष ध्यानी घ्यावा. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा आहे. तिच्यात त्या अलंकारास जे नाव असेल ते न नोंदता ‘सरी’ वा ‘वाळा’ असे आपले नाव देणे म्हणजे इंग्रजाने ‘नेकलेस’ म्हणून मोकळे होण्यासारखेच आहे. प्रांताच्या चिठ्ठीचेही तसेच. ‘गोंड, मध्यप्रांत’ या शब्दांत मंडल्यापासून सिरोंच्यापर्यंतचा मुलूख सामावतो. ‘गडचिरोली’ म्हटले तरी तो जिल्हा १९८२ चा. त्याआधीच्या अलंकारास तो चांदा जिल्ह्याचाच होता. शिवाय सिरोंच्याचे दळणवळण गोदावरीपलीकडील तेलुगू मुलखाशी, भामरागडचे इंद्रावतीपलीकडील बस्तरशी, कोरची-कुरखेड्याचे छत्तीसगडशी. दागिना जिल्ह्याची सीमा पाळत नाही. तो बाजाराची वाट पाळतो. म्हणून चिठ्ठीवर जिल्ह्याबरोबर बाजाराचे नाव हवे.

हे सर्व केवळ वर्गीकरणाचे प्रश्न आहेत असे कोणी समजू नये. दुखणे, लग्न किंवा मुलांचे शिक्षण यांसाठी जेव्हा ही चांदी विकली जाते तेव्हा ती मोडीच्या भावाने जाते. घडणावळ शून्य धरली जाते. विकणारीच्या हाती धातूची किंमत पडते आणि त्याच वस्तूवर पुढे ‘दुर्मीळ’ अशी चिठ्ठी लागून मिळणारी वाढीव किंमत दुसऱ्याकडे जाते. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले आहेत. परंतु ज्या सरीवर सन नाही तिचे वय सिद्ध कोण करणार? ते सिद्ध करू शकणारी एकमेव साक्ष, म्हणजे ती कोणाच्या गळ्यात होती, कोणत्या लग्नात आली, कोणत्या बाजारात घडली ही हकीकत, खरेदी करणाऱ्याने विचारलेलीच नसते. अशा रीतीने संग्राहकाचे मौन हे सौद्यातील हत्यार बनते.

इंग्रजी चांदीच्या संग्रहशास्त्रापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण शिकावयाचे ते छाप शोधणे नव्हे, तर छापामागील तत्त्व. वस्तूची साक्ष वस्तूबरोबर राहिली पाहिजे, हे ते तत्त्व होय. जेथे ही साक्ष धातूवर ठोकलेली नाही तेथे ती तोंडून घेऊन कागदावर उतरविणे हे संग्राहकाचे पहिले कर्तव्य ठरते: धारण करणारीने सांगितलेले गोंडी नाव, गाव, बाजार, सोनार, मिळण्याचा प्रसंग, विकण्याचे कारण आणि दिलेली किंमत. शेवटच्या दोन बाबी लिहिण्यास संकोच वाटतो, म्हणूनच त्या लिहिणे अधिक अवश्य आहे. कड्याच्या आतील झीज, दोऱ्याखालचा मळ, झाळाचा ओबडधोबड सांधा हेही वाचण्याजोगे आहे. चकाकी आणण्याच्या हौसेने ते घासून टाकणे म्हणजे आपल्या हाताने छाप पुसणे होय. एवढे ज्याने केले नाही त्याच्या कपाटात चांदी असेल, घाट असेल, कदाचित सौंदर्यही असेल. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीचा अलंकार तेथे असणार नाही.