मेकर, चेकर आणि मेहुणा

आमच्या बँकेत कुणाचाही कुणावर विश्वास नाही, आणि त्या एकाच गुणावर बँक उभी आहे. एखाद्या म्हातारीला स्वतःची मुदत ठेव मोडायची असली तरी मला एकट्याला ती मोडता येत नाही. मी ती संगणकात चढवायची आणि काचेपलीकडच्या साहेबांनी कागद पाहून मंजूर करायची. चढवणारा तो मेकर, तपासणारा तो चेकर. मी गेली वीस वर्षं मेकर आहे. घरीही मेकरच. तिथे चेकर कोण, हे सुज्ञ वाचकांना सांगायला नको.

हे पुराण लावायचं कारण असं की, नुकताच मी एका आंतरराष्ट्रीय शोधपत्रिकेचा लेखक झालो. हसू नका. मी बी.कॉम., सेकंड क्लास. माझा विषय प्राणिशास्त्र आहे हे मलाही छापून आल्यावरच कळलं.

त्याचं झालं असं. माझा मेहुणा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवतो. तासिका तत्त्व म्हणजे तास वेळेवर आणि पैसे तत्त्वतः मंजूर. पोरगा मात्र कामाचा. आमच्या येलदरीच्या धरणावर तो दोन वर्षं दर रविवारी पहाटे येऊन बसला. मच्छीमारांच्या होड्या काठाला लागल्या की कटला किती, रोहू किती, मरळ किती, वजन काय, सगळं वहीत उतरवायचं. थंडीत पूर्णेच्या पाण्यावरून असा वारा येतो की दात आपोआप ताल धरतात. आमची ही भावासाठी चहाचा थर्मास द्यायची आणि तो काठापर्यंत पोचवायचं काम माझं. माझं संशोधनकार्य ते एवढंच.

त्या वहीतून एक लेख तयार झाला. एका चांगल्या पत्रिकेकडे त्याने विचारणा केली. उत्तर आलं की, दोन जाणकार लेख वाचतील, शंका काढतील, सहा-आठ महिने लागतील. आणि मुलाखत तर महिन्यावर आलेली! अशा वेळी देव धावून येतो म्हणतात. हल्ली तो ईमेलने येतो. 'परम आदरणीय विद्वान महोदय, आपल्या लेखणीची आम्ही आतुरतेने वाट पाहत आहोत.' मेहुण्याला आजवर परम आदरणीय कुणी म्हटलं नव्हतं. त्याचा कॉलेजातला शिपाईसुद्धा त्याला 'ओ सर, जरा सरका' म्हणतो.

"दाजी," तो म्हणाला, "अडीच हजारांत चार लेखकांची नावं बसतात. प्राचार्य, विभागप्रमुख आणि मी. एक सीट मोकळी जातेय. तुमचं टाकू का?"

जिंतूरहून येलदरीला येणारी काळी-पिवळी जीप सीट भरल्याशिवाय हलत नाही, तसंच हे. मी बसलो. भाडंही मीच भरलं. तिसऱ्या दिवशी लेख स्वीकारल्याचं पत्र आलं, चौथ्या दिवशी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. आमच्या शाखेत पीककर्जाला याहून जास्त दिवस लागतात, पण आम्ही निदान सातबारा तरी बघतो.

पुढे छापील अंक आला. दिवाळी अंकांची परीक्षणं पुष्कळ येतात, शोधपत्रिकेचं कुणी लिहीत नाही. म्हणून हा प्रयत्न.

मुखपृष्ठ देखणं आहे. पृथ्वीचा गोल, त्यावर उघडं पुस्तक आणि पुस्तकातून उडणारी कबुतरं. संपादक मंडळात बासष्ट नावं. त्यांतलं एक मेहुण्याच्या गुरुजींचं. ते वारून तीन वर्षं झाली. मरणोत्तर पदव्या ऐकल्या होत्या, मरणोत्तर संपादन प्रथमच पाहिलं. अनुक्रमणिकेत तुकारामांच्या अभंगांतला समतावाद, शेळ्यांचं लसीकरण, जीएसटीचे परिणाम आणि काँक्रीटची ताकद असे चार गडी एकाच पंक्तीला बसलेले. एका लेखात 'वरील आकृतीवरून स्पष्ट होते की' असं वाक्य आहे, पण वर आकृती नाही, खालीही नाही. दुसऱ्या लेखाच्या शेवटी 'सरांना दाखवून मग पाठवणे' असं राहून गेलंय. एकूण अंकात तेवढं एकच वाक्य मनापासून लिहिलेलं वाटलं.

आता आमचा लेख. इंग्रजीत टाइप करताना मेहुण्याच्या संगणकाने 'कटला' हा शब्द चुकीचा ठरवून त्या जागी गुरांसाठीचा इंग्रजी शब्द, 'कॅटल', घातला. घाईत त्याच्या ते लक्षात आलं नाही. सगळ्या लेखभर! परिणामी येलदरीच्या जलाशयात जाळं टाकलं की गुरं सापडतात, त्यांचं सरासरी वजन दोन किलो असतं आणि पावसाळ्यात ती प्रवाहाच्या उलट दिशेने पोहतात, असा शोध आमच्या नावावर जमा आहे. प्राचार्यांनी तो वाचला नाही, विभागप्रमुखांनी वाचला नाही, बासष्ट संपादकांपैकी हयात किंवा कैलासवासी कुणीही वाचला नाही. मुलाखतीच्या समितीनेही वाचला नसावा. त्यांनी लेख मोजला.

सगळा घोटाळा या 'मोजला' शब्दात आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुकीला आणि बढतीला गुणांचं कोष्टक लावलं. लेख छापला की गुण. हेतू चांगला होता, पण कोष्टक दिसलं की ते भरून देणारे टपरीवाले आलेच. तहसील कचेरीबाहेर बसतात तसे. मग खऱ्याखोट्याची निवड व्हावी म्हणून आयोगाने २०१७ साली मान्य पत्रिकांची यादी काढली. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या यादीला चेकर लावला. विद्यापीठांच्या शिफारशीने आत आलेल्या ५,६९९ पत्रिकांतून १,३३६ त्यांनी तपासायला घेतल्या. त्यांतल्या नामांकित सूचींत नसलेल्या पत्रिकांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावं असल्या प्राथमिक गोष्टींतच नापास झाल्या. त्यांच्यापैकीच आणखी निम्म्याहून जास्त पत्रिकांनी खोटी माहिती दिलेली. यादीत अशा वाटेने शिरलेल्या आणि नामांकित सूचींत नसलेल्या पत्रिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाच्या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष मार्च २०१८ च्या 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. शंभर नोटांत अठ्ठ्याऐंशी नोटांबद्दल शंका आली तर आमचा कॅशियर काउंटरखाली बसेल.

त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या. नोव्हेंबरात 'केअर' नावाची नवी व्यवस्था जाहीर झाली, तिचं काम पुणे विद्यापीठाकडे आलं आणि २०१९ साली नवी यादी निघाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. आता काही निकष सुचवले आहेत, त्यांवरून ज्या त्या संस्थेने आपलं आपण पारखून घ्यायचं. म्हणजे फिरून फिरून गाडी तिथंच आली. कुणीतरी बसून वाचायला हवं.

हे दुखणं फक्त आपलंच आहे असं समजून मान खाली घालायचं कारण नाही. पोलंडमधल्या काही संशोधकांनी २०१५ साली एक काल्पनिक बाई तयार केली, तिचं नाव ठेवलं डॉ. अन्ना ओ. शुस्ट. त्यांच्या भाषेत 'ओशुस्ट' म्हणजे ठक. आपल्याकडे डॉ. ठकसेन म्हणावं तसं. या बाईंच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता. त्यांनी ३६० पत्रिकांकडे संपादकपदासाठी अर्ज केला आणि ४८ ठिकाणी नेमणूक झाली! काहींनी तर थेट मुख्य संपादकच केलं. २०१७ साली 'नेचर'मध्ये ही हकिकत आली. आमच्या बँकेत जामीनदाराची सुद्धा याहून जास्त चौकशी होते.

पैसे घेणं हे पाप, असं मी म्हणणार नाही. बँकेत नोकरी करून तसं म्हणायला तोंड कुठंय? चांगल्या पत्रिकाही कधी कधी शुल्क घेतात. तिथे पैसे भरले तरी लेख नापास होऊ शकतो, इथे पैसे भरले की नापास होण्याची सोयच नाही. कर्जदाराच्याच हाती मंजुरीचा शिक्का दिला तर त्या शाखेचं काय होईल, हे मला विचारा.

इथवर मी मजेत होतो. पण परवा काउंटरला एक म्हातारे मच्छीमार आले. मेहुण्याला दोन वर्षं मासळी तोलून देणारे हेच. हात पाण्याने पांढरे पडलेले. आम्ही त्यांना मामा म्हणतो.

"सायब, पोराचं पुस्तक छापून आलं म्हणं. आमच्या मासळीचं हाय ना? वाचून दाखवा की."

अंक माझ्या ड्रॉवरमध्येच होता. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना बाकावर बसवलं आणि इंग्रजीतलं मराठीत सांगत वाचायला लागलो. जिथे जिथे 'गुरं' आली तिथे मी 'कटला' वाचला. मामा मान डोलवत होते. 'बराबर', 'हां, त्या साली कमीच गावली'. एका आकड्याला त्यांनी मला थांबवलं. "हे नाही जमत. त्या म्हैन्यात दोन हप्ते होड्या बंदच होत्या. पोरगं लिवायचं विसरलं जणू."

वाचकहो, आमच्या लेखाला भेटलेला पहिला चेकर तो. फी न घेता, बाकावर बसून, पाच मिनिटांत.

मग त्यांनी विचारलं, "ह्यात आमचं नाव कुठं हाय?"

चार नावं होती. दोन नावांनी त्या पहाटा पाहिल्या नव्हत्या. एका नावाने थर्मास उचलला होता. आणि वजनकाटा ज्याच्या हातात होता त्याचे आभारसुद्धा कुठे नव्हते. मी म्हणालो, "पुढच्या टायमाला येईल, मामा." ते "बरं" म्हणाले आणि पासबुक भरून घेऊन गेले.

संध्याकाळी मेहुण्याला घरी बोलावून हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने पत्रिकेला कळवलं की चूक दुरुस्त करा, नाहीतर लेख मागे घ्या. उत्तर तासाभरात आलं. दुरुस्तीला हजार रुपये, मागे घ्यायला आठ हजार. लेख तिथे आहे तोवर तोच लेख दुसऱ्या पत्रिकेला देता येत नाही, तो या व्यवहारातला साधा नियम. आणि नियम योग्यच आहे, एकच जमीन दोन बँकांत गहाण टाकता येत नाही. म्हणजे दोन वर्षांच्या पहाटा अडीच हजारांना गहाण पडल्या, आणि त्या व्हाउचरवर मेकर म्हणून मी होतो.

बारा महिन्यांच्या कारकुनीत मी शंभर वेळा म्हणतो, "साहेब, तेवढं पास करून टाका ना." साहेब चष्मा वर करून म्हणतात, "थांबा, बघू द्या." आजवर मला त्यांचा राग यायचा.

मेहुण्याने नवी वही आणलीय. या रविवारपासून पुन्हा पहाटे धरणावर. पहिल्या पानावर त्याने मामांचं नाव लिहिलंय, त्याखाली स्वतःचं. माझं नाव नाही. मी मुद्दाम तपासलं.

थर्मास मात्र मलाच न्यायचाय.