पिकला गळा

“आता तो आवाज राहिला नाही हो!” म्हाताऱ्या शाहिराचा कार्यक्रम ऐकून परतताना रसिक म्हणवणारे गृहस्थ हे वाक्य हटकून उच्चारतात. आवाज राहिलेला नसतो हे खरेच. सत्तरी उलटलेल्या गळ्यात विशीतली धार कुठून येणार? पण लोकगायकाला नुसत्या गळ्याच्या तराजूत तोलायचे, हा न्याय मला मुळातच पटत नाही.

आमच्या खानदेशातले वहीगायन घ्या. दिवाळीत आपण पुजतो ती जमाखर्चाची वही ही नव्हे. डफ-झांजेच्या तालावर मुख्य गायकाने ओळ टाकावी आणि मागच्यांनी ती उचलावी, असा हा प्रकार. बोदवडच्या आसपास जिथे वहीची मंडळी जमतात तिथे मी मुद्दाम म्हाताऱ्या गायकाच्या अगदी समोर बसतो. तो ओळ अर्ध्यावर आणून सोडतो, झील धरणारे ती झेलतात, आणि तेवढ्यात त्याचा श्वास भरून येतो. वाचकहो, यात वयाची सोय आहेच, पण नुसती सोय नाही. ओळ नेमकी कुठे सोडली म्हणजे ऐकणाऱ्याचा जीव तिच्यात अडकून राहतो, हे त्याला आता कळलेले असते. तरुण गायक ओळ पुरी करण्याच्या भरात असतो. समोर एखादे पोर पेंगू लागले की म्हातारा डफावर सणसणीत थाप हाणतो. एखाद्या आजीने पदर डोळ्यांना लावला की तीच ओळ पुन्हा घेतो, पण अर्ध्या आवाजात. हे शिकायला किती रात्री जागाव्या लागत असतील!

बैठकीच्या लावणीतही तेच. तिथे ओळ एकच. पण आधी लटका राग, मग आर्जव, मग थट्टा, असे तिचे रंग बसल्या जागी चेहऱ्याने आणि हाताने उलगडायचे. वाईच्या यमुनाबाई वाईकर या कलेतल्या थोर. जन्म १९१५ चा, निधन २०१८ साली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९७७ साली मिळाला, पद्मश्री मात्र २०१२ साली, म्हणजे नव्वदी कधीच मागे पडल्यावर. दिल्लीला घाई नव्हती एवढेच म्हणायचे!

आणि विठ्ठल उमपांचे ‘जांभूळ आख्यान’? पाच पांडवांची पत्नी असूनही कर्णाकडे ओढले गेलेले द्रौपदीचे मन एका पोक्त पुरुषाने बोलून दाखवायचे. कोवळ्या गळ्याच्या नटाकडून ते चावट तरी झाले असते, नाही तर रडके. उमपांच्या पिकल्या आवाजात ते शोभले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवरच्या मंचावर ते कोसळले आणि गेले. वय ७९.

वय हाच गुण, असे मात्र मी म्हणणार नाही. टाळ्या घेणाऱ्या चार जुन्या कोट्यांवर उरलेले आयुष्य काढणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांना केवळ केस पांढरे म्हणून डोक्यावर घेण्यात काही अर्थ नाही.

शाहीर साबळे आम्हांला जवळचे, कारण लहानपणी ते अमळनेरला राहिले आणि साने गुरुजींच्या सहवासात आले. त्यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ने गावोगावच्या कला शहरी रंगमंचावर नेल्या, हे उपकार लहान नव्हेत. पण रात्र रात्र चालणारे प्रकार काही मिनिटांत दाखवण्याची सवयही त्या धर्तीच्या कार्यक्रमांनीच आम्हांला लावली, असे माझे मत आहे. साबळ्यांपाशी त्या मिनिटांतही जीव ओतण्याची ताकद होती. पुढे त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी घड्याळ तेवढे उचलले.

अशाच एका सत्काराला मी गेलो होतो; गावाचे नाव नको. भाषणे तासभर, शाल-श्रीफळ, मग गायनाला पंधरा मिनिटे. सभागृहात विस्तव चालत नाही म्हणून म्हाताऱ्याला डफ शेकता आला नाही. सैल डफावर, एकट्याने, त्याने दोन पदे म्हटली आणि तो खाली उतरला. झील धरणारी माणसे त्याने गावाहून आणली होती, पण त्यांना मंचावर जागा नव्हती. तिथे पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या.