ओकवलयांतील अवर्षणाची साक्ष : एक परीक्षण

उल्फ ब्युंटगेन व त्यांचे सहकारी यांनी २०२१ साली ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात मध्य युरोपातील उन्हाळी अवर्षणाचा इतिहास मांडला. चेकिया व बव्हेरिया येथील १४७ ओक वृक्षांच्या वार्षिक वलयांचे त्यासाठी रासायनिक पृथक्करण करण्यात आले. यांपैकी २१ वृक्ष जिवंत होते. उरलेल्या १२६ वृक्षांचे काष्ठ जुन्या इमारतींत, उत्खननांत व नद्यांच्या गाळात टिकून राहिलेले. इ. स. पू. ७५ ते इ. स. २०१८ या काळाची २७,०८० मापने त्यांतून मिळाली. २०१५ पासूनच्या उन्हाळ्यांसारखी अवर्षणांची मालिका या दोन सहस्रकांत आढळत नाही, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष होय.

प्रथम पद्धतीचे गुण पाहू. वलयाची रुंदी वृक्षाच्या वयाबरोबर घटत जाते. वयाचा हा परिणाम गणिताने वजा करताना हवामानातील शतकव्यापी मंद बदलही पुसले जाण्याचे भय असते. रासायनिक प्रमाणांत वयाचा परिणाम अल्प असल्याने ही अडचण टळते, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. पाण्याची ओढ लागली की वृक्ष पर्णरंध्रे मिटून घेतो; आत येणारा कार्बन डायऑक्साइड तुटपुंजा होतो, हलका कार्बन निवडून घेण्यास वाव उरत नाही व काष्ठात कार्बन-१३ चे प्रमाण वाढते. ऑक्सिजन-१८ चे प्रमाण जमिनीतील पाणी व पानांतून होणारे बाष्पीभवन यांवर ठरते. दोन साक्षी एकत्र तपासता येतात, हे या कार्याचे खरे बळ.

तथापि निष्कर्ष पुराव्यापेक्षा अधिक निश्चयाने मांडला गेला आहे. २७,०८० ही संख्या भारदस्त खरी. परंतु २,०९३ वर्षे व दोन मूलद्रव्ये यांत ती वाटली असता दर वर्षाच्या वाट्यास सरासरी सहा-सातच वृक्ष येतात. शिवाय मालिकेचे अर्वाचीन टोक जिवंत वृक्षांवर, तर प्राचीन टोक मृत काष्ठावर उभे आहे. तुळईचा ओक मुळात नदीकाठी वाढला की डोंगरउतारावर, हे नेहमीच सांगता येत नाही. त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा : कोळसा व तेल यांच्या ज्वलनामुळे हवेतील कार्बन-१३ चे प्रमाण घटले आहे, आणि वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे पर्णरंध्रांचे वर्तनही बदलते. पहिल्या बदलाची दुरुस्ती मोजमापांच्या आधारे करता येते. दुसऱ्याची बव्हंशी अनुमानाने. आणि ज्या काळाचे अपूर्वत्व सिद्ध करावयाचे, नेमका तोच काळ या दुरुस्त्यांवर अवलंबून आहे.

त्याच वर्षी मोनिका इओनिता व सहकाऱ्यांनी, मुख्यतः वलयांच्या रुंदीवर आधारलेल्या नोंदींवरून, उलट मत दिले : १४००–१४८० व १७७०–१८४० या काळांतील अवर्षणे अधिक दीर्घ व तीव्र होती, मात्र आजच्याइतकी उष्ण नव्हती. अलीकडच्या तापमानवाढीविषयी येथे शंका नाही. ती तापमापकांनी स्वतंत्रपणे सिद्ध झाली आहे. वाद आहे तो ओलाव्याच्या दीर्घकालीन उताराविषयी.

म्हणून लगतच्या वर्षांची तुलना करण्यास ही मालिका आधारभूत मानावी; ‘अपूर्व’ हा शब्द मात्र प्रत्येक शतकातील, मूळस्थान ज्ञात असलेले अधिक वृक्ष तपासले जाईपर्यंत राखून ठेवणेच इष्ट.