हातात घेतली म्हणजे कळली का? बंदूक, पाहुणा आणि प्रत्यक्ष प्रमाण

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण ‘प्रत्यक्ष’ या प्रमाणाबद्दल बोललो. आज त्याचंच एक उदाहरण घेणार आहे. विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील, पण या सभागृहातल्या निम्म्या लोकांची मुलं अमेरिकेत आहेत, तेव्हा विषय तसा घरचाच आहे. (हशा)

अमेरिकेत एक रीत आहे. परदेशी पाहुणा आला की त्याला बंदुकीची ओळख करून द्यायची. कुणी टेक्ससमधल्या मित्राच्या शेतावर नेतो, रिकामे डबे मांडतो आणि पॉइंट टू-टू रायफल हातात देतो. लास व्हेगासला तर याचा मोठा व्यवसायच आहे. होनोलुलूत वायकिकीला आणि ग्वाम बेटावर जपानी पर्यटकांवर चालणाऱ्या शूटिंग रेंज कित्येक वर्षं आहेत. ज्याच्या देशात पिस्तूल फक्त पोलिसाच्या कमरेला दिसतं, त्याला तासभर ते हातात धरायला मिळतं. फोटो निघतात, भोकं पडलेला कागद घडी घालून बॅगेत जातो.

यामागे एक युक्तिवाद आहे आणि तो टाकाऊ नाही. यजमान म्हणतो, ‘तुम्ही बाहेरचे लोक आमच्या बंदुकांवर टीका करता, पण तुमचं ज्ञान सिनेमातलं. आधी हातात घ्या, मग बोला.’ म्हणजे प्रत्यक्षाआधी मत नको.

यात खरं किती आहे ते आधी मोकळेपणाने मान्य करू या. मी स्वतः जावयाच्या एका सहकाऱ्याबरोबर अशा रेंजवर गेलो आहे. तिथे चार नियम घोकून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजा. जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवा. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. हे नियम सांगताना तो गृहस्थ इतका गंभीर होता की मला आमच्या प्रयोगशाळेतले जुने रसायनशास्त्राचे सर आठवले. बंदूक बाळगणारा म्हणजे माथेफिरू, हा समज तिथे दहा मिनिटांत गळून पडतो. आवाज केवढा असतो, खांद्याला धक्का कसा बसतो आणि चुकायला किती कमी वेळ लागतो, हेही कळतं. एवढं श्रेय त्या तासाला दिलंच पाहिजे.

आता प्रश्न असा, की प्रत्यक्ष झालं ते कशाचं? बघा, इथे दोन गोष्टी एका शब्दात कोंबल्या आहेत. एक, बंदूक चालवणं. दुसरी, बंदूक घरात बाळगणं. पहिली क्रिया आहे, ती तासाभरात अनुभवता येते. दुसरा संबंध आहे. तो वर्षानुवर्षांचा, आणि घरातल्या सगळ्यांना गुंतवणारा. लग्नाच्या पंगतीत जेवून आलेल्या माणसाला संसार कळला, असं आपण म्हणत नाही. पाहुण्याला क्रिया दाखवायची आणि संबंधाबद्दलचं मत बदलायला सांगायचं, ही या युक्तिवादातली मुख्य फट आहे.

रेंजवर बंदूक असते, पण तिच्याभोवतीचं आयुष्य गाळून टाकलेलं असतं. तिथे रात्रीचा अंधार नाही, दारू नाही, नवरा-बायकोचं भांडण नाही, परीक्षेत नापास झालेला मुलगा नाही. 2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं गेली. त्यातल्या 26,328 आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसांच्या बाबतीत मारणारा आणि मरणारा एकच. आत्महत्येचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. ती लाट आली तेव्हा हाताशी काय होतं, यावर बरंच अवलंबून असतं. हे घराचं सत्य आहे आणि रेंजवर ते दिसू शकत नाही.

दिसू शकत नाही म्हणालो खरा, पण एका ठिकाणी दिसतं. तिथल्या अनेक रेंजवर नियम असतो, की स्वतःची बंदूक नसलेला अनोळखी माणूस एकटा आला तर त्याला बंदूक भाड्याने द्यायची नाही. सोबत कुणीतरी हवं. का? कारण कुणी भाड्याने बंदूक घेऊन ती स्वतःवरच चालवेल, ही भीती रेंजवाल्याला ठाऊक असते. माझ्या मते त्या जागेतला सगळ्यात शहाणा धडा हाच. पाहुण्याला चार नियम सांगतात, हा पाचवा मात्र काउंटरवरच्या पाटीवर राहतो. आणि जी सावधगिरी रेंजवाला अनोळखी गिऱ्हाईकाबाबत घेतो, ती घरातल्या माणसाबाबत कोण घेणार?

व्हेगासच्या मशीनगनची गोष्ट तर आणखी निराळी. मे 1986 नंतर बनलेली मशीनगन सामान्य अमेरिकन नागरिकाला विकत घेताच येत नाही. म्हणजे पर्यटकाला ‘अमेरिकन जीवन’ म्हणून जे दाखवतात, ते बहुतेक अमेरिकनांच्याही आयुष्यात नसतं. ऑगस्ट 2014 मध्ये ॲरिझोनातल्या व्हाइट हिल्सला अशाच पर्यटकांच्या रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात उझी दिली होती. धक्क्याने नळी वर गेली आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक गेला. चारही नियम त्याला पाठ असणार. नियम माणसाला पाठ होतात, प्रसंगाला नाहीत.

आता पाहुण्याच्या जागेचा विचार करू. अमेरिकन संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या, म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. रेंजवर भाड्याने घेतलेलीही त्यात येते. काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे अमेरिकेत मिळालेला शिकारीचा परवाना. जपानी किंवा जर्मन पर्यटक बहुधा व्हिसाशिवाय येतो, त्याला हे कलम लागत नाही. आपण मात्र व्हिसावर जातो. म्हणून एच-वन-बी वरचा आपला मुलगा, ज्याने आयुष्यात ससा मारलेला नाही, शिकारीचा परवाना काढतो आणि रेंजवर जातो. (हशा) हसू नका, ती कायद्यातली सोय आहे. पण ज्याला ‘हक्क’ म्हणून ओळख करून देतात, तो पाहुण्याच्या वाट्याला सवलत म्हणून येतो.

आणि पाहुणा नळीच्या दुसऱ्या टोकालाही असू शकतो. ऑक्टोबर 1992 मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज इथे 16 वर्षांचा एक जपानी विद्यार्थी पार्टीला जाताना चुकीच्या दारात गेला. घरमालकाने गोळी घातली. फौजदारी खटल्यात तो निर्दोष सुटला. यजमान म्हणेल, हा अपवाद आहे. मान्य. माझं म्हणणं इतकंच, की ओळख करून द्यायची तर ओळखीत हाही प्रसंग आला पाहिजे.

इथे आपणही फार ताठ व्हायला नको. 1878 च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाच्या शस्त्रावर परवाना बसवला आणि युरोपीयांना मोकळं ठेवलं. त्याविरुद्ध काँग्रेसने ठराव केले होते. तेव्हा ‘सरकारकडेच सगळी शस्त्रं का?’ हा अमेरिकन प्रश्न आपल्याला परका नाही. दुसरीकडे, नेमबाजीचा आनंद हा बंदूक-मालकीचा पुरावा होत नाही, हेही आपल्याच घरात सिद्ध झालं आहे. आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, ती परवान्याने मिळते. तरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक आणलं. खेळ खेळाच्या जागी उभा राहू शकतो.

राहता राहिला ‘आधी हातात घ्या’ हा आग्रह. डोंगरावर धूर पाहून अग्नीचं अनुमान करणाऱ्याला, ‘आधी विस्तवात हात घाल’, असं कुणी नैयायिक म्हणाला नाही. प्रत्यक्ष महत्त्वाचं, पण ते एकटं प्रमाण नाही.

मग आमंत्रण आलं तर जाऊ नये का? जरूर जा. बोलावणारा विश्वासाने बोलावतो, त्याचा मान ठेवा. पण परतताना गाडीत तीन प्रश्न विचारा. ही रात्री कुठे असते? किल्ली कुणाकुणाला ठाऊक आहे? घरात कुणाचं मन ठीक नसेल तर तुम्ही हिचं काय कराल? सज्जन बंदूकवाला या प्रश्नांनी रागावत नाही, त्याने त्यांचा विचार केलेला असतो. आणि ज्यांची नातवंडं तिकडे शेजाऱ्यांकडे खेळायला जातात, त्यांनी सुनेला, लेकीला सांगा, की कुत्रा आहे का हे विचारतेस, तसंच बंदूक आहे का आणि कुलपात आहे का, हेही विचार. संकोच वाटेल. संकोच परवडतो.

थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ या.