न्यायाधीश कोणापासून स्वतंत्र?

न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य हा विषय आपल्याकडे वकिलांचा म्हणून सोडून दिला जातो. वास्तविक तुरुंगात जाणाऱ्या कार्यकर्त्यालाच तो सर्वांत आधी भिडतो.

२४ मे १९४९ रोजी घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली. नेमणुकीला सरन्यायाधीशांची संमती सक्तीची करावी, अशी एक सूचना होती. बाबासाहेबांनी ती नाकारली. सरकारला मोकळे रान देणे त्यांना मान्य नव्हतेच. पण सरन्यायाधीशही अखेर माणूस, त्यालाही पूर्वग्रह असतात, हे त्यांनी बजावले. म्हणून घटनेत सल्लामसलतीचा मधला मार्ग आला.

हा मार्ग प्रथम सरकारने मोडला. एप्रिल १९७३ मध्ये केशवानंद भारती निकालापाठोपाठ तीन ज्येष्ठांना डावलून ए. एन. राय सरन्यायाधीश झाले. आणीबाणीत स्थानबद्धांची दाद ऐकण्याचा अधिकार अनेक उच्च न्यायालयांनी सोडला नाही. त्यांत आपले नागपूर खंडपीठही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी हे निकाल फिरवले. एकटे एच. आर. खन्ना वेगळे उभे राहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनाही डावलण्यात आले. तो निकाल चुकीचा होता, हे न्यायालयाने म्हणायला २०१७ साल उजाडले.

१९९३ साली न्यायालयाने सल्लामसलतीचा अर्थ बहुतांशी संमती असा लावला आणि कॉलेजियम आले. २०१५ साली नियुक्ती आयोगही रद्द झाला. सरकारचा हात काहीसा आखडला, हे खरे. पण बाबासाहेबांनी दाराबाहेर ठेवलेली दुसरी मक्तेदारी आत आली. बंद खोलीत न्यायाधीशच न्यायाधीश निवडू लागले.

या दोन्ही पद्धतींनी आपल्याला काय दिले? सर्वोच्च न्यायालयात पहिले दलित न्यायाधीश, ए. वरदराजन, बसले १९८० साली; प्रजासत्ताक तेव्हा तीस वर्षांचे झाले होते. नागपुरात वकिली केलेले भूषण गवई २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले, तेव्हा त्या पदावरचे ते केवळ दुसरे दलित होते.

आणि खैरलांजी? २००६ च्या त्या हत्याकांडात २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा ठोठावली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. २०१० साली नागपूर खंडपीठानेही केला नाही. फाशीची शिक्षाही पंचवीस वर्षांच्या कैदेवर आली. अशा वेळी मंत्र्याच्या फोनची गरजच काय? समोरची जात न दिसणे, हेही एक पारतंत्र्यच आहे.

म्हणून सरकारपासून स्वातंत्र्य हवेच. १९७६ विसरून चालणार नाही. पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धी मागणी करणे. निवडीचे निकष जाहीर असावेत, नावे नाकारण्याची कारणे लेखी असावीत, निवडणाऱ्यांत सरकारचे बहुमत नसावे आणि एकाच वर्गाचेही नसावे. निव्वळ एक दलित न्यायाधीश खुर्चीवर बसल्याने हे होणार नाही. ती खुर्ची कोण, कशी भरतो याचा जाब आपल्यालाच मागावा लागेल.