अळणी भाजी आणि पत्रावळ

साने गुरुजींचें ‘श्यामची आई’ हें पुस्तक १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें गेलें आणि १९३५ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून त्याचें परीक्षण बहुधा डोळे पुसतपुसतच झालेलें आहे. आणि ज्यांस अश्रूंचा तिटकारा, त्यांनीं तें न वाचतांच बाजूस सारलें आहे. आमच्या मतें या पुस्तकाचें खरें बळ अश्रूंत नसून स्वयंपाकघरांत आहे, आणि त्याकडे या दोन्ही पक्षांचें दुर्लक्ष झालें.

‘पत्रावळ’ ही गोष्ट घ्या. श्यामला पत्रावळ लावतां येत नाहीं व शिकण्याची हौसही नाहीं. आई मात्र येथें लाड करीत नाहीं, त्याला शिकावयास लावते. आम्हींही लहानपणीं पानें टाचलेलीं आहेत. चोय वेडीवांकडी घुसली कीं पान फाटतें. टांके विरळ पडले कीं आमटी थेट जमिनीवर धांव घेते, आणि मग शेजारीं बसलेला भाऊ जें हसतो तें जन्मभर विसरत नाहीं! परंतु आपण लावलेल्या पानावर भात पडला, म्हणजे मुलगा त्या पंगतींतला पाहुणा राहत नाहीं. एरवीं उपदेशाचा सोस असलेल्या या लेखकानें हें प्रसंगांतूनच दाखविलें, याबद्दल त्यास पूर्ण गुण दिले पाहिजेत.

आजच्या घरांत स्टीलचीं ताटें आलीं, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. पण मुलानें चार घांस खावेत म्हणून त्याच्यापुढें मोबाईलवरचीं चित्रें नाचविणाऱ्या सुशिक्षित पालकांस, त्याच मुलाच्या हातीं मिठाची वाटी देऊन ‘सर्वांच्या पानांत वाढ’ असें सांगावें, हें कां सुचूं नये? आजोबांच्या पानांत चिमटीच्या जागीं मूठ पडेल, इतकेंच.

मिठावरून ‘अळणी भाजी’ आठवते. आई भाजींत मीठ घालण्यास विसरते; वडील ती मुकाट्यानें खातात, मुलेंही कांहीं बोलत नाहींत. सर्वांचें झाल्यावर आई जेवावयास बसते, तेव्हां तिला चूक कळते आणि तिचा जीव हळहळतो. दुसऱ्याचें मन न दुखविण्याचा हा धडा म्हणून ही गोष्ट नांवाजली जाते, आणि वडिलांचा संयम थोर आहे, हें आम्हींही मान्य करतों. पण गोष्ट घडते कां? नैवेद्यापूर्वीं अन्नाची चव पाहावयाची नाहीं, हा जुना रिवाज. तो एक वेळ सोडून देऊं. परंतु रांधणारी बाई त्याच पंगतीस बसती, तर पहिल्याच घांसाला ‘अग बाई, मीठच राहिलें!’ असें म्हणून ती हंसली असती, श्याम मीठ आणावयास धांवला असता, आणि कोणासही थोर व्हावें लागलें नसतें. आईच्या हळहळीचें कारण केवळ विसरलेलें मीठ नव्हे. ती सर्वांच्या मागून एकटी जेवत होती, हेंही आहे. ज्या घरांत श्यामनें पत्रावळ लावणें अगत्याचें मानलें गेलें, त्या घरांत त्यानें एक दिवस वाढावें आणि आईनें बसावें, हा विचार कोणाच्याच मनास शिवत नाहीं. आईच्या प्रत्येक कष्टाची नोंद ठेवणाऱ्या लेखकाच्याही नाहीं.